दादासमोरचा ओबद्या

बाई,

नदी चढायला लागलीय. सकाळपासून पालिकेची गाडी खालच्या गल्ल्यांतून भोंगा लावून फिरतेय, सामान वर घ्या, लेकरंबाळं घेऊन बाहेर पडा. माझा धाकटा भाऊ बाहेर पडायला तयार नाही. बायको आणि दोन मुलींना घेऊन तो घराच्या माळ्यावर बसून राहिलाय. त्याला तिथून उठवू शकेल असा सांगलीत एकच माणूस आहे, तो म्हणजे आमचा थोरला भाऊ, दादा. आणि त्या दोघांत कित्येक वर्षं बोलणं नाही. दादा चारच्या सुमाराला घरी येतो. आल्यावर मला त्याच्यासमोर उभं राहून काही बोलायचंय. स्वस्थ बसवेना म्हणून कागद घेतला. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमच्या हाताखाली शिकलेल्या आम्ही पोरीसुद्धा आता गुडघ्यांना तेल चोळत बसतो. पण हे सगळं तुमच्यामुळं सुरू झालंय, तेव्हा ऐकून घ्या.

साताऱ्याच्या बोर्डिंगमधला तो दिवस मला अजून स्पष्ट दिसतो. तुम्ही बायबलच्या जुन्या करारातले बारा लहान संदेष्टे आम्हा मुलींना वाटून देताय, एकेकीनं एकेक पाठ करायचा. मी हात वर करून ओबद्या मागून घेतला, कारण तो एकाच अध्यायाचा. शेजारच्या बाकावरच्या पोरीला जखर्‍या आला, चौदा अध्यायांचा, ती रडकुंडीला आली आणि मला वाटलं लॉटरी लागली. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडं बघितलंत. "लहान आहे म्हणून घेतलास होय गं? लवंगी मिरची पण लहानच असती." सगळ्या हसल्या. मी दोन दिवसांत घडाघडा पाठ करून आले, भिंतीकडं बघून म्हणायला लागले, तर तुम्ही थांबवलंत. एका मुलीला उठवून माझ्यासमोर उभं केलंत, हातभर अंतरावर. म्हणालात, "आता हिला सांग. संदेष्टा भिंतीला सांगत नसतो." आणि तिच्या डोळ्यांत बघून "तू तुझ्या भावाचं वाटोळं होताना बघत उभा राहिलास" या अर्थाचं वाक्य म्हणायची वेळ आली तेव्हा माझी वाचाच बसली. ती बिचारी माझी मैत्रीण, तिनं काही केलं नव्हतं, तरी तिचा चेहरा पडला आणि माझाही. तुमच्या तासाला संदेष्टे असेच वाचायचे, समोरासमोर उभं राहून. दुसऱ्या कुठल्याही शाळेत ही पद्धत असल्याचं मी नंतर ऐकलं नाही.

हे तासापुरतंच असतं तर बरं झालं असतं. एकदा मी तुमच्याकडं तक्रार घेऊन आले की काही मुली पाण्याच्या रांगेत मध्ये घुसतात. तुम्ही विचारलंत, काही मुली म्हणजे कोण. मी म्हटलं, आहेत काही जणी. तुम्ही माझा दंड धरलात आणि तरातरा हौदापाशी घेऊन गेलात. रांग उभीच होती. "घुसणारी कोण ती दाखव, आणि मला नको, तिला सांग." मी सांगितलं. ती मुलगी भोकाड पसरून रडली आणि पुढं महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं तुम्ही माझी पाठ थोपटाल. तुम्ही म्हणालात, "खरं बोलल्यावर लगेच तोंड गोड होत नसतं. जा, घागर भर." त्या दिवशी मला तुमचा भयंकर राग आला होता. बोलून दाखवायची सोय नव्हती म्हणून आज लिहिते.

शनिवारी दुपारी तुमच्या खोलीवर आमच्यातल्या दोघीतिघींना कामाला बोलावणं असायचं. काम कसलं, तुम्हाला सोबत हवी असायची. तुम्ही इस्लामपूरकडच्या, त्यामुळं अख्खा मसूर हे तुमचं दैवत, चर्चच्या पाळकसाहेबांसमोर हा शब्द वापरला नसता मी. मांडीवर सूप घेऊन तुम्ही मसूर निवडताय, स्टोव्ह भरभरतोय, आणि निवडता निवडता तुम्ही त्या दोन भावांची गोष्ट सांगताय. जुळे भाऊ. थोरला एसाव रानातून दमून भुकेला आला आणि धाकट्या याकोबानं शिजवलेल्या मसुराच्या वाटीभर आमटीसाठी त्यानं आपलं थोरलेपण देऊन टाकलं. तिथून जी तेढ पडली ती नातवंडा-पतवंडांत उतरली. थोरल्याचं गोत डोंगरकपारीत उंचावर राहायला गेलं, त्यांचा देश एदोम. धाकट्याचं गोत यरुशलेमेत. मग एक दिवस परमुलखातल्या फौजा आल्या, धाकट्यांचं शहर लुटलं, जाळलं, आणि थोरल्याचे लोक वरून बघत राहिले. हसले. पळून जाणारे सापडले तर नाक्यावर अडवून शत्रूच्या हवाली केले. त्यावर हा ओबद्या बोलायला उठला. याला बापाचं नाव नाही, गावाचं नाव नाही, कुठल्या राजाच्या काळात हेही नाही. आला, बोलला आणि गेला. आणि बोलला ते कसं, तर एकच खिळा एकाच जागी ठोकत राहावं तसं. त्या दिवशी तू असं करायला नको होतंस. त्या दिवशी तू तसं करायला नको होतंस. त्या दिवशी, त्या दिवशी, त्या दिवशी.

तुम्ही सूप खाली ठेवून एक गोष्ट सांगितलीत, ती मला तेव्हा कळली नव्हती. म्हणालात, "गंमत बघा गं पोरींनो, ज्यांनी गाव जाळलं त्या फौजेला हा एक शब्द बोलत नाही. शत्रूनं मारलं हे त्यानं धरलंच नाही. भाऊ बघत बसला, हे धरलं." मी तेव्हा आगाऊपणानं विचारलं होतं की बाई, पण त्या डोंगरावरच्या लोकांपर्यंत हे पोचलं का? का नुसतं खालच्यांनीच ऐकून समाधान करून घेतलं? तुम्ही सूप परत मांडीवर घेतलंत. मग म्हणालात, "ठाऊक नाही मला. पण एवढं खरं, वाचणारा प्रत्येकजण स्वतःला याकोबच समजतो. एदोम नेहमी दुसराच कुणीतरी." आणि मला मसूर धुवायला मोरीवर पाठवलंत.

आता आमच्या घरातलं सांगते. वडिलांचं घर वरच्या अंगाला, आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या हॉलसमोर. तिथं दादा राहतो. दादा मंडळीचा सेक्रेटरी, हॉलची किल्ली त्याच्या खिशात. वाईट माणूस नाही हो. आईच्या शेवटच्या दुखण्यात त्यानं तिचं सगळं केलं, एक दिवस तोंड वाकडं केलं नाही. पण त्याचं एक आहे, एकदा मनात अढी बसली की माणूस त्याला मेला. धाकट्यानं माणमधल्या, दहिवडीकडच्या मुलीशी लग्न केलं. ती आपल्या मंडळीतली नाही, मेंढरं राखणाऱ्या घरातली, आणि लग्न रजिस्टर. दादा गेला नाही, आणि नंतर धाकट्याचं नावसुद्धा घरात काढू देईना. धाकटा रिक्षा चालवतो. नदीकडच्या खालच्या गल्लीत भाड्यानं राहतो. मी नर्सची नोकरी संपवून आले ती दादाच्या घरामागच्या खोलीत. डोक्यावर छप्पर त्याचं आहे, हे तो कधी बोलून दाखवत नाही आणि मी कधी विसरत नाही.

मागच्या मोठ्या पुरात मी अजून नोकरीवर होते, दवाखान्यातच अडकलेली. त्या दिवशी धाकटा बायकोसह, कमरेएवढ्या पाण्यातून मुलींना खांद्यावर घेऊन वर आला आणि हॉलच्या पायऱ्यांवर उभा राहिला. कुलूप होतं. समोर गॅलरीत दादा. धाकट्यानं हाक मारली. दादानं वरूनच सांगितलं की फरशी नुकतीच बसवलीय, पाळकसाहेब परगावी आहेत, मला अधिकार नाही. ते चौघं भिजत निघून गेले, एका ट्रकमध्ये बसून कुठल्याशा शाळेत. हे एवढंच असतं तरी काळाबरोबर विरलं असतं. पण दादानं गॅलरीतून व्हिडिओ काढला. खालची गल्ली, पाणी, आणि पाण्यात एका कुशीवर होत होत बुडणारी धाकट्याची रिक्षा. मागं दादाचा आवाज, "गेली, गेली, गेली बघा." आणि हसणं. तो त्यानं घरच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो गावभर गेला. पुढं महिनोन् महिने धाकट्याच्या नव्या रिक्षात बसलेली माणसं त्यालाच तो दाखवायची, आवं बघा, कुणाची हो बिचाऱ्याची. मी फोन करून दादाला विचारलं तर म्हणाला, "मज्जा केली गं. तुमा लोकांना मज्जा कळत न्हाई."

गेल्या कापणीच्या सणाला महिला मंडळानं मला संदेश द्यायला सांगितला. मी ओबद्या घेतला. रात्रंदिवस तयारी केली, तुम्हाला आठवत आठवत. पहिल्या बाकावर दादा, शेवटच्या बाकावर पहिल्यांदाच आलेली धाकट्याची बायको. मी उभी राहिले, दादाकडं बघितलं, आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली ती तिथंच राहिली. आयुष्यभर सुई टोचताना "मुंगी चावल्यासारखं वाटेल हं" म्हणत आलेली मी. काय बोलले, तर भाऊबंदकी वाईट, उंचावर बसलेल्यांनी गर्व करू नये, आपण सर्वांनी आत्मपरीक्षण करावं. उपासना संपल्यावर लोक हात हातात घेऊन सांगायला लागले, लय भारी बोलला, बरोबर ऐकवलंत त्या धरणवाल्यांना. मला कळेना. मग उमगलं, मंडळीला वाटलं होतं की उंचावर बसून आपलं बुडणं बघणारा भाऊ म्हणजे पलीकडच्या राज्यातलं धरण. ते वेळेवर पाणी सोडत नाहीत, म्हणून इकडं पूर. सगळी मंडळी याकोब, आणि एदोम हद्दीच्या पलीकडं. दादासुद्धा आला, म्हणाला, "कुणीतरी बोलायलाच पायजे होतं त्यांना." आणि सणाच्या लिलावात त्यानं सगळ्यांत मोठा भोपळा बोली लावून घेतला आणि माझ्या खोलीवर पाठवला, संदेश आवडला म्हणून. शाळेत कधी मिळाला नव्हता, तो साठी उलटल्यावर मिळाला. धाकट्याची बायको त्यानंतर पुन्हा उपासनेला आली नाही.

आज सकाळी मी खालच्या गल्लीत जाऊन आले. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलंय. धाकट्यानं नवी रिक्षा वरच्या रस्त्याला नेऊन लावलीय, रिक्षा वाचवली आणि स्वतः परत येऊन बसला. मी म्हटलं, माझ्या खोलीवर चला. तो म्हणाला, "तुझी खोली म्हंजे त्येचंच दार न्हवं का, आक्का? पाणी गळ्याला लागलं तरी त्या दारात जायाचो न्हाई." म्हटलं, मग शाळेत जा. म्हणाला, एकदा गेलतो, शंभर माणसांत माझ्या पोरींस्नी तो व्हिडिओ दाखवला लोकांनी. म्हटलं, निदान बायको-पोरींना तरी पाठव. बायको म्हणाली, "ह्यास्नी सोडून मी न्हाई जात, आक्का. जायाचं तर समद्यांनी." थोरली पोर माळ्याच्या शिडीवर बसून गप्प बघत होती. शेवटी तो म्हणाला, "त्यो येऊन बोलीवल तर येतो. न्हाई तर न्हाई." ते घर मातीचं आहे, बाई. भिजलेली भिंत बसायला वेळ लागत नाही, हे मी दवाखान्यात आणलेल्या माणसांवरून सांगते.

म्हणून चारला बोलायचंय. ह्या खेपेला घड्याळाकडं बघायचं नाही, एवढं मी ठरवलंय. दादा चिडला तर ही खोली जाईल. जाऊ दे म्हणायला सोपं आहे, पण ह्या वयात मी कुठं जाणार, सांगा. तुम्ही शेवटपर्यंत बोर्डिंगच्या कंपाउंडमधल्या खोलीत राहिलात, तुम्हाला हा प्रश्न कधी पडला की नाही कुणास ठाऊक. फाटक वाजलं. आला वाटतं.

*

काल इथवर लिहिलं आणि उठले. आज मी हॉलच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेय आणि भोवती खालच्या गल्लीतली पंधरा-वीस घरं सतरंज्या टाकून पसरलीयत. पाणी अजून चढतंच आहे. काय झालं ते क्रमानं सांगते.

दादा खुर्चीत बसून चहा पीत होता, एक चप्पल पायात, एक काढलेली. वहिनी आत कणीक मळत होती. मी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले, तुम्ही उभं करायचात तेवढ्याच अंतरावर. तो म्हणाला, "काय गं, बस की." मी बसले नाही. म्हटलं, दादा, धाकटा खाली पाण्यात बसलाय आणि मला तुझ्याशी बोलायचंय, मध्ये बोलू नकोस. मग सुरू केलं. त्या दिवशी तो पायऱ्यांवर उभा होता आणि तू गॅलरीत उभा राहिलास. राहायला नको होतंस. त्या दिवशी किल्ली तुझ्या खिशात होती आणि तू पाळकसाहेबांचं नाव सांगितलंस. सांगायला नको होतंस. त्या दिवशी त्याचं पोट ज्याच्यावर चालतं ते बुडत होतं आणि तू फोन काढलास. काढायला नको होतास. त्या दिवशी तू हसलास, दादा. तुझ्या भावाचा तो दिवस होता आणि तू हसलास. पाणी नदीनं आणलं, तिला मी काही म्हणत नाही. मी तुला म्हणतेय.

 आतला कणकेचा आवाज थांबला होता. दादाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. कप खाली ठेवून म्हणाला, "झालं?" मी म्हटलं, झालं. म्हणाला, "कुणाच्या घरात हुबी हायस, हे ध्यानात हाय न्हवं?" म्हटलं, आहे, म्हणून तर इतके दिवस गप्प होते.   मला वाटलं आता हा उठून मला बाहेर काढणार, आणि मी मनात बोचकं बांधायलाही घेतलं होतं. मग त्यानं विचारलं, अगदी वेगळ्या आवाजात, "म्हंजे सणाला तू मला बोलत हुतीस?" मी म्हटलं, हो. "धरणवाल्यांना न्हवं?" नाही, दादा. त्यानं काढलेली चप्पल पायानं जवळ ओढली. "आन मी तुला भोपळा धाडला." आतून वहिनी म्हणाली, "मी तवाच सांगितलं हुतं ह्यास्नी, आक्का तुमालाच बोलतायत म्हणून. माझं कोण ऐकतंय." दादा तिच्यावर खेकसला नाही. उठला, दुसरी चप्पल पायात घातली, खिशातली किल्ली काढून वहिनीच्या हातात दिली आणि म्हणाला, "हॉल उघड, सतरंज्या टाक." सॉरी वगैरे काही नाही. छत्री न घेता तो खाली चालायला लागला आणि मी त्याच्यामागं.

गल्लीत आता कमरेपर्यंत पाणी. आम्ही वरच्या टोकाला, जिथं अजून रस्ता उघडा होता, तिथं थांबलो. धाकटा माळ्याच्या खिडकीत दिसत होता. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आजूबाजूची माणसं सामान डोक्यावर घेऊन जाता जाता थांबून बघायला लागली. शेवटी धाकटाच ओरडला, "आज व्हिडिओ न्हाई काढत व्हय?" काही माणसं हसली. दादानं खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला आणि पाण्यात उतरला. मी म्हटलं, अरे, होडी येतेय, थांब. ऐकलं नाही. बासष्ट वर्षांचा माणूस, रक्तदाबाची गोळी चालू, पायात चप्पल. पाणी मांड्यांना, मग कमरेला. तो एका हातानं भिंत चाचपत चालला होता आणि म्हणत होता, "चल. पोरींना घे आन चल. चल म्हंतो न्हवं." धाकटा खिडकीतून हलला नाही. गल्लीच्या मध्याला उघडं गटार आहे, वरून पाणी असल्यामुळं दिसत नव्हतं. दादाचा पाय तिथं गेला. एकदम गळ्यापर्यंत बुडाला, चष्मा गेला, हात वर आले, तोंडात पाणी गेलं.

धाकट्यानं खिडकीतून उडी टाकली. शिडीबिडी काही नाही, सरळ उडी. दोन हात मारून त्याच्यापर्यंत पोचला, काखेत धरून त्याला वर ओढलं आणि भिंतीला टेकवलं. दोघंही खोकत होते. धाकटा त्याला शिव्या देत होता, अशा शिव्या की इथं लिहिता येणार नाहीत, आणि पाठ चोळत होता. दादा फक्त म्हणत होता, "चल की रं. चल." मग होडी आली. मुली बसल्या, बायको बसली, एक बोचकं आणि कोंबडी. दोघं भाऊ पाण्यातून चालत आले, चष्मा नसल्यामुळं दादाला दिसत नव्हतं म्हणून धाकट्यानं त्याचं मनगट धरलं होतं. वर आल्यावर सोडलं. तेव्हापासून आजपर्यंत दोघं काही फार बोललेले नाहीत. पण दोघंही ह्या हॉलमध्येच आहेत. दादा दारापाशी बसून येणाऱ्याला सतरंजी देतोय, नवी फरशी चिखलानं भरलीय आणि तो तिच्याकडं बघतसुद्धा नाही. धाकट्याच्या घराची मागची भिंत पहाटे बसली, असं गल्लीतल्या माणसानं येऊन सांगितलं. धाकट्याची बायको ते ऐकून माझ्याजवळ आली आणि माझे दोन्ही हात धरून बसली.

मघाशी पाळकसाहेब आले होते. म्हणाले, सिस्टर, उद्या रविवार, उपासना इथंच घेऊ, आणि संदेश तुम्हीच द्या, सगळ्यांना कळलंय तुम्ही दादांना कसं समोरासमोर सांगितलंत. वहिनीनं गावभर केलंय. बायका येऊन जाता जाता माझ्या पायाला हात लावतायत. मी पाळकसाहेबांना सांगितलं की माझा घसा बसलाय. ते म्हणाले, विश्रांती घ्या. घसा बसलेला नाही, बाई.

दादाचा पाय गटारात गेला तेव्हा मी वर उभी होते, कोरड्यात, त्याचा फोन हातात धरून. माझी नर्सची नोकरी झालीय, बुडणाऱ्या माणसाला कसं धरायचं हे मला शिकवलेलं आहे. त्याचं डोकं खाली गेलं आणि हात वर आले, तेवढ्या क्षणात माझ्या मनात भीती आली नाही. मला बरं वाटलं. बरं झालं, गेलास ना, असं वाटलं, अगदी गोड वाटलं. धाकटा, ज्याचं दादानं एवढं वाटोळं केलं होतं, तो विचार न करता उडी टाकून मोकळा झाला, आणि मी, जी दोन तासांपूर्वी भावाच्या त्या दिवसाचं दादाला तोंडावर सुनावून आले होते, मी हसले. आवाज झाला नाही, पण ओठ हलले ते मला कळलं. माझ्या शेजारी बादली घेऊन उभ्या असलेल्या बाईला वाटलं मी प्रार्थना करतेय, तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

आता दादा तिकडून विचारतोय, चहा घेतलास का गं. त्याला चष्म्याशिवाय मी नीट दिसत नाही. ह्याला सांगायला हवं, समोर उभं राहून, हातभर अंतरावर, आणि मी इथं कोपऱ्यात बसून तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही गेलेल्या आहात.